चार डिस्कचा साउंडट्रॅक क्रमाने वाजण्यासाठी

ठाणे-पनवेल लोकलमध्ये गेमचा साउंडट्रॅक लावला आणि सगळ्या डिस्कचे पहिले ट्रॅक लागोपाठ वाजले, तर फाइल्समध्ये डिस्क नंबर नाही असं समजा. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांचा 'फायनल फँटसी ७' या गेमचा साउंडट्रॅक (१९९७) चार डिस्क, ८५ ट्रॅकचा आहे. त्या क्रमातच कथा चढत जाते, तो मोडू नये.

कॉम्प्युटरवर 'एमपीथ्रीटॅग' (गाण्यांच्या फाइल्समधली नाव, नंबर अशी माहिती बदलण्याचं सॉफ्टवेअर) उघडा.

१. एकेका डिस्कच्या फाइल्स एकत्र निवडून डिस्क नंबर भरा.
२. अल्बमचं नाव चारही डिस्कना हुबेहूब एकच ठेवा.
३. 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये एकच नाव द्या. अनेक संगीतकार असलेल्या अल्बमचे तुकडे इथेच पडतात, त्यामुळे हे चुकवू नका.

मग फोनवर टाका. बदल मात्र कॉपीवरच करा, मूळ जपानी शीर्षकं शाबूत राहतील.