फॅरोंच्या दफनजागा का बदलल्या? शाळेच्या विज्ञान-इतिहास प्रदर्शनासाठी नकाशा आणि प्रयोग

हा विषय मांडताना बहुतेक तक्त्यांवर एकच ओळ दिसते : 'चोरांच्या भीतीने राजांनी पिरॅमिड सोडले.' ही ओळ फार तर एका स्थलांतराला लागू पडते, तीही अर्धीच. इजिप्तच्या राजांनी तीन हजार वर्षांत अनेकदा जागा बदलली आणि दर वेळी राजधानी, खडक, धर्म आणि सुरक्षितता यांतली दोन-तीन कारणं एकत्र आली. ती गुंतागुंत डोळ्यांना दिसावी, असा नकाशा करायचा आहे.

चार फूट बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी उभी धरा. प्रमाण १ सेंमी = ६ किमी. खालच्या कडेपासून १० सेंमी वर, उजव्या बाजूला थीब्जची (आजच्या लक्सरची) टाचणी लावा. राजांची दरी इथलीच. बाकीच्या जागा या टाचणीपासून मोजा. अबायडॉस ८ सेंमी वर, ११ डावीकडे. अमार्ना ३५ वर, २७ डावीकडे. लिश्त ७१ वर, २२ डावीकडे. सक्कारा ७६ वर, २२ डावीकडे. गिझा ७८ वर, २४ डावीकडे. टॅनिस ९७ वर, १२ डावीकडे. सक्कारा आणि गिझा तीन सेंमीच्या आतच येतात, त्यामुळे नावं टाचणीजवळ लिहू नका. दोरा ओढून समासात लिहा.

नाईलसाठी निळी लोकर चिकटवा. इथे मुलं हमखास चुकतात. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून बाण खालून वर जातो आणि 'वरचा इजिप्त' नकाशात खाली येतो. बहुतेक राजांची थडगी नदीच्या पश्चिमेला, म्हणजे मावळतीकडे आहेत. सूर्यबिंबाची उपासना करणाऱ्या अखेनातेन राजाने मात्र अमार्नाला पूर्वेकडची दरी निवडली. ही टाचणी चुकून पश्चिमेला गेली तर मुद्दाच हरवतो.

आता कारणांचे दोरे. राजधानीसाठी लाल, धर्मासाठी पिवळा, जमीन-खडकासाठी काळा, चोरीसाठी पांढरा. प्रत्येक स्थलांतरावर जितकी कारणं तितके दोरे ओढा.

अबायडॉस ते सक्कारा : लाल. पहिल्या घराण्याचे राजे पूर्वजांच्या भूमीत पुरले गेले. कारभार सक्काऱ्याजवळच्या मेम्फिस या राजधानीत स्थिरावल्यावर दुसऱ्या घराण्याच्या सुरुवातीच्या राजांनी सक्कारा निवडलं. त्याच घराण्याचे शेवटचे दोन राजे पुन्हा अबायडॉसला गेले, म्हणून इथे परतीचा दोराही हवा. सक्कारा-दहशूर-गिझा : काळा. स्नेफ्रू राजाच्या, सक्काऱ्याजवळच्या दहशूरच्या पिरॅमिडला बांधकाम चालू असतानाच तडे गेले, म्हणून उतार सुमारे ५४ अंशांवरून ४३ वर आणावा लागला. त्याचा मुलगा खुफू गिझाच्या भक्कम चुनखडीच्या पठारावर गेला, आणि तिथला १४६ मीटरचा डोलारा टिकला. लिश्त : लाल. बाराव्या घराण्याच्या पहिल्या अमेनेमहातने राजधानी थीब्जहून उत्तरेला हलवली आणि पिरॅमिडही तिच्याजवळच बांधला.

राजांच्या दरीला तीन दोरे. अठराव्या घराण्याचं मूळ गाव थीब्ज, म्हणून लाल. दरीवरचं अल-कुर्न शिखर पिरॅमिडच्याच आकाराचं, म्हणून पिवळा. थडगं डोंगराच्या पोटात आणि पूजेचं मंदिर दूर शेताच्या कडेला, म्हणून पांढरा. पहिल्या थुतमोसचं थडगं खोदून घेणाऱ्या इनेनी या अधिकाऱ्याने 'कोणी पाहत नसताना, कोणी ऐकत नसताना' काम केल्याचं कोरून ठेवलं आहे. ही ओळ तक्त्यावर ठळक लिहा.

या दरीला चौथा, काळा दोराही लागतो, आणि त्यासाठी प्रयोग हवा. वर चुनखडी, खाली एस्ना शेल नावाचा मातकट खडक. अचानक पूर आला की शेल पाणी पिऊन फुगतो आणि छत-खांब फोडतो. दुसऱ्या रॅमसेसच्या थडग्याची हानी पुरांनीच केली. चुनखडी म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तीही चुनखडीच आहे. आपल्या सातारी काळ्या पाषाणाचा तुकडा ठेवू नका, तो ज्वालामुखीचा खडक. फुगणाऱ्या खडकासाठी मात्र कृष्णाकाठची काळी माती उत्तम. वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून चाळा. १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत १०-१० ग्रॅम घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. काचकांडीने ढवळून हवेचे बुडबुडे काढा, २४ तास हलवू नका. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा स्पष्ट वर आलेली दिसेल. फरक दिसला नाही तर मातीत मुरूम मिसळलाय किंवा ढेकळं राहिलीत. रॉकेलचं काम शिक्षकांनीच करावं.

टॅनिसला लाल आणि पांढरा. एकविसाव्या घराण्याचे राजे उत्तरेत, थीब्जवर अमुन देवाच्या पुरोहितांचा अंमल, आणि थीब्जच्या थडग्यांतल्या चोऱ्यांचे खटले नवव्या रॅमसेसच्या काळातल्या पपायरस-कागदांवर नोंदलेले. त्रिभुज प्रदेशात डोंगरच नाही, म्हणून थडगी अमुनच्या मंदिराच्या आवारात बांधली. १९३९ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते यांना ती सापडली. पहिल्या सुसेन्नेस राजाची चांदीची शवपेटी शाबूत होती, पण ओलीने लाकूड कुजलं होतं. तेव्हा टॅनिसला काळा दोराही ओढा, उलट्या दिशेने : ही जागा जमिनीमुळे निवडली नाही, जमीन तिला बाधली.

पाहुण्यांना प्रश्न पटकन कळावा म्हणून सुरुवात घरच्या उदाहरणाने करा. शिवाजी महाराजांची समाधी रायगडावर (१६८०), राजाराम महाराजांची सिंहगडावर (१७००), शाहू महाराजांची संगम माहुलीला (१७४९). तीन छत्रपती, तीन जागा. लगेच हेही सांगा की आपल्याकडे दहन होतं आणि समाधी ही स्मृती. इजिप्तमध्ये देह टिकवायचा असे, म्हणून तिथे खडकाचा आणि ओलीचा विचार टाळताच येत नसे.