स्त्रीमुक्तीचा इतिहास वाचायचाय? मग १८४८ पासून सुरू नका करू

बहुतेक जण १८४८ च्या, फुल्यांच्या भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेपासून सुरू करतात आणि पंडिता रमाबाईंपर्यंत येईस्तोवर दमतात, कारण नुसती नावं आणि सनं पाठ होतात. त्यापेक्षा आधी एक कोर्टकेस पकडा. माझ्या मते बेस्ट म्हणजे रखमाबाईंची. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार, मग तो कोर्टात गेला आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या तुरुंग चालेल! शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, नंतर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या.

आता एक वही घ्या आणि या केसच्या बाजूला काय काय चाललं होतं ते लिहा. १८८२ ला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक, १८९१ चा संमतीवयाचा कायदा (मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारा, फक्त!), टिळकांचा त्याला विरोध. हे शाळेत कुणी नीट सांगत नाही.

मग थेट उडी मारा मथुरा केसवर. १९७२, गडचिरोलीकडचं पोलीस ठाणं, मथुरा या आदिवासी मुलीवर तिथे बलात्कार केल्याचा पोलिसांवर आरोप, १९७८ ला सुप्रीम कोर्टात पोलीस सुटले, पुढच्या वर्षी त्या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांचं खुलं पत्र, मग मोर्चे आणि १९८३ ला बलात्काराचा कायदा बदलला.

आणि हो, घरात मुंबईची आजी असेल तर तिला मृणाल गोरेंच्या महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चाबद्दल विचाराच, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून.