औषधी वनस्पती घरी वापरताय? मग या चुका टाळा

मावशीचं बीपी दोन महिने काही केल्या खाली येत नव्हतं. गोळी बदलून झाली, मीठ कमी करून झालं, तरी आकडा वरच आणि संध्याकाळी पायावर सूज. फोनवर बोलता बोलता कळलं की घसा सारखा खवखवतो म्हणून ती सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा घेतेय आणि दिवसभर एखादा तुकडा चघळायला असतोच. डॉक्टरांना सांगितलंस का विचारलं तर म्हणाली, "अगं त्यात काय सांगायचं, ते काय औषध आहे का!"

मला वाटतं सगळ्या चुका या एका वाक्यातून निघतात. खोकला झाला की आपण ज्येष्ठमधाला औषध म्हणतो, आणि डॉक्टरांनी "काय काय औषधं चालू आहेत" विचारलं की तेच ज्येष्ठमध यादीतून गायब होतं. जी वनस्पती शरीरात काहीतरी काम करते ती जास्त झाली, चुकीच्या माणसाला दिली, चुकीच्या गोळीबरोबर घेतली तर त्रासही देणारच.

ज्येष्ठमधाचंच बघा. त्याचा गोडवा येतो ग्लायसिरायझिन नावाच्या घटकातून, आणि हाच घटक कॉर्टिसॉल या हार्मोनला किडनीत निष्क्रिय करणारं एक एन्झाइम अडवतो, मग कॉर्टिसॉल तिथे नको ते काम करायला लागतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. बीपी वाढतं, सूज येते, स्नायूंत अशक्तपणा येतो, फारच झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हे काही नवीन नाही, १९४६ मध्ये नेदरलँड्समधल्या रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क घेणाऱ्या पेशंटमध्ये अशी सूज नोंदवली होती. युरोपात ग्लायसिरायझिनची रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. घसा बसलाय म्हणून तीन-चार दिवस चघळलं तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. महिनोन् महिने रोज, तेही बीपीच्या गोळीबरोबर, हे मात्र नाही. मावशीचं रक्त तपासलं तर पोटॅशियम कमीच निघालं, ज्येष्ठमध बंद केल्यावर काही आठवड्यांत बीपी जागेवर आलं.

सगळंच उकळत ठेवणं

ही चूक इतकी सर्रास होते की यावर जरा सविस्तर लिहिते. तुळस, आलं, दालचिनी, पुदिना, गुलवेल, हाताला लागेल ते एका पातेल्यात टाकायचं आणि पाणी काळं होईपर्यंत उकळायचं. आयुर्वेदात वनस्पती वापरायच्या पाच मूळ पद्धती सांगितल्यात, स्वरस म्हणजे ताजा पिळून काढलेला रस, कल्क म्हणजे वाटून केलेली चटणीसारखी गोळी, क्वाथ म्हणजे आपला काढा, हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळलेलं पाणी, आणि फांट म्हणजे गरम पाणी ओतून थोडा वेळ झाकून ठेवलेलं. पाच वेगळ्या पद्धती आहेत कारण पाच वेगळ्या गरजा आहेत, हे आपण विसरूनच गेलोय.

साल, मूळ, खोड असं कडक काही असेल तर काढा. ते भरड कुटून घ्यायचं, अख्खं टाकून उपयोग नाही आणि अगदी बारीक पूडही नको, कारण ती तळाला लागते आणि गाळणीतून खाली येते. जुनं प्रमाण म्हणजे एक भाग भरड, सोळा भाग पाणी आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचा. तुळस, पुदिना, ओवा अशांचा मात्र बराचसा गुण त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो, स्वयंपाकघरभर जो मस्त वास सुटतो ना ते तेलच हवेत चाललंय. त्यांच्यासाठी फांट. पाणी उकळून गॅस बंद करा, पानं टाका, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी गाळा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूचं पाणीही कपातच पडू द्या.

उष्णतेने काय बिघडतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण मलेरियाच्या औषधाचं आहे. चीनमधल्या तू योयो नावाच्या शास्त्रज्ञ आणि त्यांची टीम एका जुन्या वनस्पतीचा अर्क काढत होती पण रिझल्ट कधी चांगला यायचा कधी अजिबात नाही. मग त्यांना चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याचं एक वाक्य सापडलं, की मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळायचा आणि तो रस प्यायचा. उकळायचं कुठेच लिहिलेलं नव्हतं! त्यांनी १९७१ मध्ये साधारण ३५ अंशांनाच उकळणारं ईथर वापरून अर्क काढला आणि तो चालला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं, २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (यावरून मलेरियावर घरी पाला पिळायला जाऊ नका, तिथे गोळ्यांचा पूर्ण कोर्सच लागतो.)

याच्या उलट आल्याचं. आलं सुकून सुंठ होते तेव्हा त्यातल्या जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगाओल होतं, ते जास्त तिखट असतं. म्हणून काढ्यात आल्याऐवजी तेवढीच सुंठ पूड टाकली की घसा आणि छाती दोन्ही जळतात आणि मग लोक म्हणतात आलं मला सोसत नाही. सोसतं, पण सुंठ चिमूटभरच टाका.

नाव तेच, झाड भलतंच

गुलवेल ओळखताना फार घोटाळा होतो. हृदयाच्या आकाराची पानं असलेली प्रत्येक वेल गुलवेल नसते. तिचीच जवळची बहीण, शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा, दिसायला बरीचशी सारखी पण खोडावर जास्त गाठी-फोड असल्यासारखी, आणि तिच्यामुळे लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये गुलवेल रोज घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं तेव्हा यावर मोठा वाद झाला, आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वनस्पती नीट ओळखलीच गेलेली नाही. वाद कुठेही जावो, माझं मत सांगते. स्वतःला ओळखता येत नसेल तर कुंपणावरची वेल तोडून आणू नका, आणि थायरॉइड, संधिवात अशा ऑटोइम्यून (म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या) प्रकारातला आजार असेल तर प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून गुलवेल आपल्या मनाने सुरूच करू नका.

चुकीची वनस्पती किती महागात पडू शकते हे बेल्जियममध्ये दिसलं. तिथे १९९०च्या सुरुवातीला वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया गटातली मुळी गेली, नावं मिळतीजुळती होती म्हणून, आणि शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्यांना कायमची इजा झाली. याच गटातली एक वनस्पती आपल्याकडे सापसण किंवा ईश्वरी म्हणून ओळखतात. ती पोटात घ्यायची नाही, कोणी कितीही सांगो.

दालचिनीतही दोन प्रकार असतात. जाड, कडक, एकाच पापुद्र्याची गुंडाळी म्हणजे कॅसिया, आणि पातळ, ठिसूळ, कागदाच्या घड्या आत आत गुंडाळल्यासारखी ती सिलोन. कॅसियामध्ये कूमरिन बरंच असतं, ते काही लोकांच्या लिव्हरला सोसत नाही. चवीपुरती कुठलीही चालेल, पण शुगरसाठी रोज चमचाभर पूड खाणारे लोक आहेत त्यांनी निदान सिलोन तरी घ्यावी.

आणि एकाच झाडाचा चुकीचा भाग. कोरफडीचं पान कापलं की आधी सालीजवळून पिवळा, कडू चीक येतो, तो जोरदार रेचक आहे, त्यात अ‍ॅलोइन असतं. आतला पारदर्शक गर वेगळा. लोक दोन्ही एकत्र मिक्सरला लावतात आणि मग पोटात कळा, जुलाब. पान कापून देठाची बाजू खाली करून चीक पूर्ण निथळू द्या, साल आणि पिवळा थर काढा, गर धुवा. भाजल्यावर किंवा उन्हाने त्वचा लाल झाल्यावर वरून लावायला हा गर छान आहे, रोज पोटात घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

हळदीच्या गोळ्या

जेवणातली हळद आणि करक्यूमिनची गोळी एकच आहे असं समजू नका. हळदीत करक्यूमिन साधारण तीनेक टक्के, आणि तेही आतड्यातून फार कमी शोषलं जातं. १९९८च्या एका प्रयोगात २ ग्रॅम करक्यूमिनबरोबर मिरीतलं पिपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तात पोचणारं प्रमाण वीस पट झालं. हे वाचून सगळे खूश झाले, पण जास्त शोषलं जाणारे हे अर्क बाजारात आल्यावर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटलीसह बऱ्याच ठिकाणी नोंदल्या गेल्या. शिवाय मिरी फक्त करक्यूमिनचं नाही तर तुमच्या बाकी काही गोळ्यांचंही शोषण बदलते. पित्ताशयात खडे असतील तर जास्त डोस नकोच.

चालू गोळ्यांबरोबर

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसूण, आलं, हळद यांचे अर्क किंवा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. ऑपरेशन ठरलं असेल तर अशी सप्लिमेंटं साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, पण आपण सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं. डायबिटीसच्या औषधाबरोबर मेथीदाण्याची पूड सुरू केली की शुगर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते, म्हणून सुरुवातीचे काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा. अश्वगंधा थायरॉइड हार्मोन वाढवू शकते आणि झोपेच्या गोळीची गुंगीही, काहींना तिच्यामुळे कावीळ झाल्याचीही नोंद आहे. इसबगोल चांगलं आहे पण भरलेल्या ग्लासभर पाण्याबरोबरच, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. सोनामुखी आठवड्याच्या वर रोज घेऊ नका, पोटॅशियम जातं आणि आतड्याला सवय लागते.

गरोदरपण आणि लहान मुलं

मळमळीसाठी आलं थोड्या प्रमाणात, दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठीइतकं, बऱ्याच जणींना डॉक्टर चालेल म्हणतात. अडुळसा मात्र नाही. अडुळशातलं व्हॅसिसिन कफ पातळ करतं, त्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध तयार झालं, पण व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचनही वाढवतं. अश्वगंधा, ज्येष्ठमध, कोरफडीचा चीक हेही या काळात नकोच.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, चाटणातून सुद्धा नाही, बॉट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. कडुनिंबाचं तेल मुलांना पाजू नका, त्याने तान्ह्या बाळांना झटके येऊन जिवावर बेतलेलं आहे. बाळाच्या नाकाखाली कापूर किंवा मेंथॉलचं मलम चोळू नका, श्वास अडकू शकतो.

घेतोय पण फरक पडत नाही

आधी डबा उघडून वास घ्या. पूड करून ठेवलेली वनस्पती काही महिन्यांत मंदावते, अख्खी वाळलेली वर्षभर तरी टिकते, म्हणून लागेल तशी कुटा, गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका आणि बुरशीचा वास आला तर टाकून द्या, ती उकळून बरी होत नाही. मग बघा एका वेळी किती गोष्टी चालू केल्यात. सात वनस्पती एकदम घेतल्या तर बरं कशाने वाटलं आणि पोट कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही, म्हणून एका वेळी एकच, तारीख लिहून. पुदिन्याचा चहा घेऊन छातीत जळजळ वाढली तर तो बंद करा, पुदिना अन्ननलिकेच्या खालचा वॉल्व सैल करतो, पोटात मुरडा असताना बरा पण अ‍ॅसिडिटीत उलटा पडतो.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, कफात रक्त दिसलं, ताप उतरत नाही, तर काढा बदलत बसू नका, तपासून घ्या. आणि कुठलीही वनस्पती घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, अंगाला खाज सुटली, भूक मेली, तर त्याच दिवशी ती थांबवा आणि डबा, लेबल, उरलेली पूड सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन जा.