रोबोटिक्सच्या नवीन स्पर्धा लई झाल्यात, पण टीम घेऊन जायचं कुठं? कोल्हापूरच्या पोरांसाठी

गणपती उठले की व्हॉट्सॅपवर पोस्टरं यायला सुरुवात होते. कुणाची सांगलीत रोबो रेस, कुणाची बेळगावला रोबो सॉकर, पुण्यात एखाद्या कॉलेजची पहिलीच स्पर्धा, आणि प्रत्येक पोस्टरवर खाली मोठ्या अक्षरात बक्षिसाची रक्कम. मी डिप्लोमाला होतो तेव्हा वर्षातून एखादी स्पर्धा कानावर यायची, ती पण तारीख होऊन गेल्यावर. आता उलटं झालंय, स्पर्धा जास्त आणि शनिवार-रविवार कमी. मी सुट्टीच्या दिवशी शाळेच्या आणि डिप्लोमाच्या पोरांच्या टीमला मदत करतो, आणि दरवर्षी एकच प्रश्न येतो, "दादा, कुठं नाव घालायचं?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

तालमीत वस्ताद जोड बघून कुस्ती लावतो. नवीन पोरगं एकदम खासबागेत उतरवत नाहीत, आधी गावोगावच्या जत्रेतली मैदानं फिरवून आणतात, आणि सारखी हलकी जोड पण देत नाहीत नाहीतर पोरगं तिथंच राहतं. टीमचं पण अगदी तसंच बघा. पहिल्या वर्षाची टीम असेल तर बक्षिसाची रक्कम बघूच नका, रोबोट दिवसभरात किती वेळा मैदानात उतरणार एवढं बघा. माझ्या लेखी निवडीचा सगळ्यात मोठा निकष हाच आहे, बाकीचे सगळे याच्या मागं.

कारण काय, तर रोबोट बेंचवर कितीबी चालू दे, खरा दोष मैदानातच कळतो. वायर निसटते, मोटर आणि चाक जोडणाऱ्या कपलरचा बारीक स्क्रू ढिला होतो, ड्रायव्हरचे हात थरथरतात. एकच मॅच मिळाली तर दोष कळतो पण तो काढून परत बघायची संधी मिळत नाही. त्यामुळं फोन करून पहिला प्रश्न हा विचारा की लीग आहे का नॉकआउट, आणि एका टीमला कमीत कमी किती मॅच. पैशात मांडून बघा म्हणजे पटेल. समजा पुण्याला सहा जण गेला, एंट्री फी, गाडी, एक रात्र राहणं, जेवण धरून १५,००० रुपये गेले आणि नॉकआउटमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडला, तर ती एक मॅच १५,००० ला पडली. तेच सांगलीला सकाळी जाऊन रात्री परत आला, सगळे मिळून ४,००० गेले आणि लीगमध्ये पाच मॅच खेळला, तर एक मॅच ८०० ला. पालकांपुढं हा हिशेब ठेवा, परवानगी पण लवकर मिळते.

आता स्पर्धांच्या जाती समजून घ्या, कारण सगळ्याच स्पर्धा एका मापानं मोजता येत नाहीत. काही स्पर्धा साखळीतल्या असतात, म्हणजे विभागीय फेरी, मग राष्ट्रीय, मग आंतरराष्ट्रीय. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड त्यातलीच, २००४ पासून चालू आहे आणि २०१६ ची जागतिक फेरी आपल्या दिल्लीत झाली होती. लहान पोरांसाठी फर्स्ट लेगो लीग चॅलेंज आहे, त्यात अडीच मिनिटांची रोबोटची फेरी असते पण तेवढ्यावर भागत नाही, इनोव्हेशन प्रोजेक्ट, रोबोट डिझाइन आणि टीम म्हणून तुम्ही कसं वागता याला पण मार्क असतात. साधारण सातवी ते बारावीसाठी फर्स्ट टेक चॅलेंज, १८ इंचाच्या घनात मावणारा रोबोट, ३० सेकंद स्वतःच्या प्रोग्रॅमवर आणि पुढची २ मिनिटं ड्रायव्हरच्या हातात, दोन टीम विरुद्ध दोन टीम, आणि प्रत्येक मॅचला जोडीदार बदलतो. नवीन टीमला हा प्रकार मला फार आवडतो कारण पहिल्या दोन मॅच हरला म्हणून घरी पाठवत नाहीत, क्वालिफिकेशनच्या सगळ्या मॅच खेळायला मिळतात आणि जोडीदार टीम स्वतःहून येऊन सांगते की तुमचा इनटेक, म्हणजे वस्तू आत ओढणारा भाग, असा अडकतोय. फक्त तिथं परीक्षकांच्या बऱ्याचशा पुरस्कारांसाठी इंजिनिअरिंग पोर्टफोलिओ लागतो, म्हणजे रोबोट कसा केला त्याची माहिती, कव्हर सोडून १५ पानांच्या आत, आणि परीक्षकांसमोर पोरांनी बोलायचं असतं. बोलायची तयारी नसेल तर रोबोट चांगला असून पण टीम मागं पडते, हे आधी लक्षात घ्या.

दुसरी जात कॉलेजच्या फेस्टची. रोबो रेस, रोबो सॉकर, लाईन फॉलोअर (जमिनीवरच्या पट्टीवरनं स्वतः चालणारा रोबोट), रोबो वॉर. यांची साखळी नसते, तिथंच सुरू तिथंच संपलं. पोस्टरवर "नॅशनल लेव्हल" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की देशातून कुणीबी येऊ शकतं. म्हणून विचारायचं, "इथं जिंकल्यावर पुढं कुठं पाठवता?" उत्तर नसेल तरी हरकत नाही, सरावाला जा की, पण शाळेत सांगताना विभागीय फेरी म्हणून सांगू नका, नंतर पोरांचा हिरमोड होतो.

तिसरी जात मोठ्या कॉलेजवाल्यांची. आयआयटी मुंबईचं टेकफेस्ट, तिथलीच ई-यंत्र ही स्पर्धा, आणि रोबोकॉन ही कॉलेजच्या टीमची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. रोबोकॉन २००२ ला टोकियोत सुरू झालं, पुण्यात २००८ ला आंतरराष्ट्रीय फेरी झाली तेव्हा विषयच दहीहंडीवरचा होता, गोविंदा नावानं, आणि २०१४ ला परत पुण्यातच झाली. ऐकून अंगात येतं, मला पण आलं होतं, पण त्याला वर्षभर रोज रात्री थांबणारी पंधरा-वीस पोरं, पाठीशी उभं राहणारं कॉलेज आणि मोठा पैसा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला विचार करा. ई-यंत्र मात्र खर्चाच्या बाजूनं बघितलं तर आपल्या भागातल्या पोरांना चांगलं, सुरुवातीचं बरंचसं काम कोल्हापुरात बसून करता येतं, प्रवास मागाहून.

कोल्हापूरच्या टीमनं अजून एक गोष्ट बघायची, आपलं बळ कशात आहे. आपल्याकडं उद्यमनगर आहे. सकाळी ड्रॉइंग घेऊन गेलं तर संध्याकाळपर्यंत अॅल्युमिनिअमचा व्हील हब टर्न करून देणारे लेथवाले काका आहेत, ते पण पोरांचं काम म्हणून चहा पाजून. ही सोय मोठ्या मोठ्या शहरातल्या टीमला नाही. पण लेगो लीगमध्ये याचा काही उपयोग नाही, तिथं लेगोचेच पार्ट चालतात. व्हेक्स म्हणून अजून एक साखळीतली स्पर्धा आहे, तिथं पण बहुतेक सगळं त्यांच्याच किटमधलं. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये स्वतः मशिनिंग केलेले पार्ट चालतात, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र त्यांच्या यादीतलंच. रोबो वॉरमध्ये तर वजनगट सांभाळला की बॉडी तुमची, शस्त्र तुमचं. उलट शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल आणि पोरांचा हात प्रोग्रॅमिंगवर बसलेला असेल तर वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडचा फ्युचर इंजिनिअर्स गट बघा, त्यात स्वतः चालणारी छोटी गाडी करायची असते आणि कंट्रोलर तुमच्या पसंतीचा. दुसऱ्याच्या बळाच्या स्पर्धेत जाऊन मार खाण्यापेक्षा आपल्या बळाची शोधा.

आता नवीन स्पर्धेचं, म्हणजे जिचं पहिलंच वर्ष आहे. मी नवीन स्पर्धेला घाबरू नका असंच सांगेन. टीम कमी येतात, मॅच जास्त मिळतात, परीक्षकांना बोलायला वेळ असतो. आणि कुणीतरी पहिल्या वर्षी गेलं तरच दुसऱ्या वर्षी ती स्पर्धा होणार ना, आपल्या भागात स्पर्धा वाढाव्यात असं वाटत असेल तर आपणच जायला पाहिजे. पण डोळे उघडे ठेवून जायचं. एकदा आम्ही अशाच एका पहिल्या वर्षीच्या लाईन फॉलोअर स्पर्धेला गेलो. नियमात लिहिलेलं ३० मिलिमीटर काळी पट्टी, पांढरी जमीन. जागेवर बघतो तर पट्टी २० ची, छपाई चकचकीत फ्लेक्सवर, वरनं हॅलोजन, आणि दोन फ्लेक्सच्या जोडावर चांगली बोटभर घडी. सेन्सरला चकाकीमुळं काळं-पांढरं कळेना, रोबोट जोडावर अडकून गोल फिरायला लागला. सातवीतली पोरगी होती प्रोग्रॅमिंगला, तिनं महिनाभर घासलेलं, तिचा चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. चूक माझी पण होती कारण मी नियम वाचले आणि गप्प बसलो, फोन केला नाही.

तेव्हापासून पैसे भरायच्या आधी फोन करतोच, आणि पोरांकडून करवतो. अरीनाचा, म्हणजे रोबोट चालतो त्या मैदानाचा फोटो मागायचा, पट्टीवर स्केल ठेवून काढलेला. जमीन फ्लेक्स, प्लायवूड, कार्पेट का फरशी ते विचारायचं, कारण प्लायवर पकड धरून चालणारं चाक फरशीवर घसरतं. रॅम्प असेल तर कोन किती आणि सुरुवातीला पायरी राहते का, तिथंच रोबोटचं पोट अडकतं. रूलबुकवर तारीख किंवा व्हर्जन नंबर आहे का, आणि शेवटचा बदल कधीपर्यंत करणार. रेफ्री कोण, आयोजक कॉलेजचीच टीम खेळणार असेल तर निर्णय कोण देणार. किती टीम घेणार आणि अरीना किती, कारण साठ टीम आणि एक अरीना म्हटल्यावर रात्री दहा वाजतात. सराव करायला अरीना मिळणार का. स्पर्धा रद्द झाली तर फी परत का. समोरचा माणूस "बघून सांगतो" म्हणाला आणि खरंच दोन दिवसांत फोन करून सांगितलं तर ती स्पर्धा पहिल्या वर्षाची असली तरी चांगली होणार, असा माझा अनुभव आहे. "तुम्ही या हो, सगळं होतंय" असं म्हणाला तर थांबा.

चार्जिंगचं पण विचारा. ११.१ व्होल्टची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी नेहमीच्या सुरक्षित वेगानं चार्ज करायला साधारण तास लागतो, आणि मॅच वीस-वीस मिनिटांनी लागल्या तर एका बॅटरीवर भागत नाही, तीन तरी लागतात. प्लग पॉइंट नसतील तर घरनं एक्स्टेन्शन बोर्ड न्या. प्रवासात बॅटऱ्या फुल चार्ज करून नेऊ नका, आतल्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, कनेक्टरला टेप लावा आणि लिपो बॅगमधनं न्या, आणि ती बॅग मोठ्या माणसाजवळ राहू दे.

तारखांचं आपल्याकडचं गणित वेगळं आहे. गणपतीत पोरं तालीम मंडळात असतात, तेव्हा रोबोटला हात लागत नाही, ते धरूनच चाला. दिवाळीची सुट्टी बांधणीला सोन्यासारखी. नंतर डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या सेमिस्टर परीक्षा. दहावी-बारावीच्या पोरांना जानेवारीनंतर अजिबात ओढू नका, फेब्रुवारी-मार्चला बोर्ड आहे आणि त्यांनी हो म्हटलं तरी तुम्ही नाही म्हणा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईकडची स्पर्धा असेल तर पंचगंगेकडं बघून पैसे भरा, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी परत न मिळणारी फी भरायची नाही.

आणि एका सीझनला दोन, फार तर तीन स्पर्धा. पहिली जवळची, सांगली, इचलकरंजी, बेळगाव, जिथं घरी झोपून जाता येतं. दुसरी तिच्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. हे मधलं अंतर लई महत्त्वाचं. पहिल्या स्पर्धेत वीस दोष निघणार, ते लिहायला एक दिवस, नवीन पार्ट उद्यमनगरात करायला आठवडा, मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) नाहीतर सेन्सर पुण्या-मुंबईतनं मागवायचा तर कुरिअरचे तीन-चार दिवस, मग बसवून परत सराव. लागोपाठच्या दोन रविवारी दोन स्पर्धा घेतल्या तर तोच बिघडलेला रोबोट तुम्ही दोनदा फिरवून आणता. पहिल्या स्पर्धेत एका पोराला फक्त वही देऊन उभं करा, मॅच नंबर, काय बंद पडलं, किती वाजता, बॅटरी कुठली. दुसरीला जायचं का नाही ते त्या वहीवरनं ठरवा.

ठरवताना सगळी टीम बसू दे. ज्या पोराला गाडीखर्च जड जातोय ते सगळ्यांसमोर बोलत नाही, म्हणून आम्ही खर्च आधी चिठ्ठीवर विचारतो, आणि सगळ्यात कमी आकडा आला असेल त्यात बसेल अशीच स्पर्धा घेतो. मागं एकदा असंच एका पोराला घरी ठेवून जावं लागलं होतं आणि नेमकं वायरिंग त्यानंच केलेलं, तेव्हा हे सुरू केलं.

आमचं या वर्षीचं असं ठरलंय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जवळची एक, नवीनच आहे, फोन झालाय, अरीनाचा स्केल ठेवलेला फोटो पण आलाय. दुसरी जानेवारीच्या मध्यात, दहावीची दोन पोरं सोडून. तिसरीचा फॉर्म भरून ठेवलाय पण पैसे भरलेले नाहीत, डिसेंबरात वहीची किती पानं भरतात ते बघून भरणार.