पाणपातळीच्या नोंदीतून फुटणारी लाट कशी ओळखावी

खोल पाण्यात एका जागी उभ्या केलेल्या तरंगमापक तारेची (पाण्याची पातळी सतत टिपणाऱ्या तारेची) नोंद हाती असेल, तर लाटेच्या उंचीला तरंगलांबीने भागून फुटलेल्या लाटा वेगळ्या काढण्याचा मोह टाळावा. आकार न बदलता पुढे सरकणाऱ्या लाटेचे हे गुणोत्तर फार तर 0.142 होते, परंतु समुद्रावरील लाटा त्याच्या बरेच आधी फुटतात, कारण फुटण्याची क्रिया शिखरालगतच्या लहानशा भागात सुरू होते आणि संपूर्ण लाटेची सरासरी काढताना नेमका तोच भाग झाकला जातो.

त्याऐवजी पातळी किती वेगाने चढते ते मोजावे. लाँग्वेट-हिगिन्स आणि स्मिथ या संशोधकांनी 1983 मध्ये हीच कल्पना वापरली होती. लाटेची पुढची बाजू तारेवरून क्षणार्धात निघून जाते, म्हणून सेकंदाला किमान 20 नोंदी हव्यात. पातळी सरासरी रेषेला वर जाताना छेदते त्या दोन लागोपाठच्या क्षणांमधील अंतर हा आवर्तकाल, त्याला 1.56 ने गुणले की लाटेचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. शिखरापूर्वीच्या सर्वांत जलद चढीला या वेगाने भागले असता उतार मिळतो. गणितज्ञ स्टोक्स यांच्या टोकाच्या लाटेचे, म्हणजे आकार न बदलता जास्तीत जास्त उंच होऊ शकणाऱ्या लाटेचे, शिखर 120 अंशांचे असते, म्हणजे दोन्ही बाजूंचा उतार सुमारे 0.58. पाच सेकंद आवर्तकालाच्या लाटेचा वेग 7.8 मीटर प्रतिसेकंद असल्याने तिची पातळी सेकंदाला साडेचार मीटरच्या गतीने चढू लागली की ती संशयित धरावी.

संशयितच म्हणावे, कारण मोठ्या लाटेच्या शिखरावर स्वार झालेली छोटी लाट तिथल्या पाण्यासोबत तारेवरून अधिक वेगाने जाते आणि तिचा उतार फसवा मोठा भासतो. शिवाय फेसात हवा मिसळल्याने तारेचे वाचन एकाएकी खाली कोसळते आणि पुन्हा उसळते. अशी उडी लाट म्हणून मोजू नये. मात्र तिच्या भीतीने नोंद फार गुळगुळीत केली, तर खरी तीव्र चढही पुसली जाते.

किती उताराला लाट फुटली असे मानायचे तो उंबरठा ठरवण्यासाठी तारेच्या नोंदीच्याच घड्याळावर चालणारे चित्रीकरण हवेच. किती लाटा बरोबर सापडल्या, किती निसटल्या आणि किती उगाच पकडल्या, हे मोजून 0.58 हा आकडा वर-खाली करावा. तारेपर्यंत येण्याआधीच फुटून ओसरू लागलेली लाट चित्रात फेसाळ दिसते, पण नोंदीत तिचा उतार मंदावलेला असतो. तिची गणना वेगळी ठेवावी. किनाऱ्याजवळील उथळ पाण्यात ही रीत लावू नये. तिथे उंची आणि पाण्याची खोली यांचे गुणोत्तर, ढोबळमानाने 0.78, तपासावे.