खरड छाटणीपूर्वी द्राक्षबागेत रोगाच्या खुणा कशा ओळखाव्यात

फाल्गुन-चैत्रात शेवटचा माल निघून गेला की नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बहुतेक बागांकडे दुर्लक्ष होते. खरड छाटणीत, म्हणजे माल निघाल्यावर काड्या जवळपास बुडातून कापण्याच्या छाटणीत, पाने जाणारच आहेत, मग त्यांच्यावर खर्च कशाला, हा हिशेब समजण्यासारखा असला तरी याच पंधरा-वीस दिवसांच्या विश्रांतीत भुरी हा बुरशीजन्य रोग बागेत टिकून राहतो आणि पुढच्या फुटीवर, म्हणजे नव्या पालवीवर, येतो.

भुरी शोधण्यासाठी सकाळी दाट विस्ताराच्या, सावलीतल्या ओळीत शिरावे आणि पान उजेडाकडे तिरपे धरावे. राख भुरभुरल्यासारखा पांढुरका थर अंगठ्याने पुसला जातो. काडीवर मात्र हिरवेपणी पडलेले डाग काडी पक्व होताना तपकिरी-काळे, जाळीदार होतात आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत. खरड छाटणीत एक डोळा (फुटीचा कोंब) राखून काडी कापली जाते, त्यामुळे डाग अगदी बुडापर्यंत आहेत का, हे मुद्दाम पाहावे. या रोगाला पाऊस लागत नाही. साधारण २१ ते २७ अंश तापमान आणि सावली त्याला पुरते. पारा ३५ अंशांपुढे गेला की वाढ मंदावते, म्हणून रोग गेला असे समजू नये. तसेच अशा उन्हात गंधक फवारल्यास कोवळी पाने करपतात.

केवडा या दुसऱ्या रोगाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पिवळसर, तेलकट डाग पानाच्या वरच्या बाजूस दिसतात आणि पांढरी, कापसासारखी वाढ खालच्या बाजूस येते. शंका असल्यास डाग पडलेली पाने पाणी शिंपडून रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावीत. केवडा जिवंत असेल तर सकाळी पाठीमागे ती वाढ बहुधा दिसते.

करपा या तिसऱ्या रोगाची भीती वळवाच्या पावसानंतर, कोवळ्या फुटीवर अधिक असते. पानांवर बारीक काळपट ठिपके पडून तिथे भोके होतात आणि काडीवर गडद कडांचे खोलगट व्रण उठतात.

छाटलेल्या काड्या बागेबाहेर काढून खोड आणि ओलांड्यांवर (खोडापासून तारेवर पसरवलेल्या आडव्या फांद्यांवर) एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, फवारावे. ज्यांचे घड अजून वेलीवर आहेत त्यांनी मात्र पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतील काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहिल्याशिवाय काहीही फवारू नये.

डाग सापडलेल्या वेलींना छाटणीआधीच रंगीत फीत बांधावी, कारण छाटणीनंतर त्या ओळखू येत नाहीत. नवी फूट तीन-चार पानांची झाली की पहिली पाहणी त्याच वेलींपासून सुरू करावी.