रोजच्या जीवनात सहनशीलता कशी जोपासावी

सहनशीलता ही काही माणसांना जन्मतः लाभते आणि बाकीच्यांनी ती दात-ओठ खाऊन कशीबशी निभावायची असते, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. बायबलमधील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल तिची गणना आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्मा माणसात वाढवतो त्या गुणांत, करतो. ती देवाकडून येते, मात्र तिला वाढू देण्यासाठी आपणही काही सवयी लावून घ्याव्या लागतात.

यातली पहिली सवय स्मरणाची आहे आणि माझ्या मते बाकी सर्व तिच्यावरच उभे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील येशूचा दाखला सावकाश वाचावा. राजाने ज्या दासाला दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले, तोच दास बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. यावरून दोन कर्जांतील अंतर ध्यानात येईल. विशेष म्हणजे सोबत्याच्या तोंडी जवळजवळ तीच विनवणी आहे, जी या दासाने नुकतीच राजापुढे केली होती, आणि तरीही त्याला ती ओळखू येत नाही. म्हणून रात्रीच्या प्रार्थनेत, ज्याच्यावर आज चिडलो त्याचे नाव घेण्याआधी, देवाने आपले काय काय सोसले ते नेमकेपणाने आठवावे. मोघम कबुलीने मन मऊ होत नाही.

सराव लहान गोष्टींत करावा. फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेझा यांना मठात प्रार्थनेच्या वेळी शेजारच्या भगिनीच्या सततच्या बारीक आवाजाचा फार त्रास होई. मागे वळून रोखून पाहण्याऐवजी त्यांनी तोच आवाज लक्षपूर्वक ऐकून देवाला अर्पण करण्याचा यत्न केला. रांगेतला खोळंबा किंवा घरातल्या वृद्धांनी पुन्हा पुन्हा विचारलेला तोच प्रश्न, अशा ठिकाणीच मोठ्या प्रसंगांची तयारी होत असते.

बोलण्याबाबत बायबलमधील याकोबाच्या पत्रातला सल्ला सरळ आहे: ऐकण्यास तत्पर, बोलण्यास व रागास सावकाश असावे. रागाच्या भरात लिहिलेला संदेश लगेच पाठवू नये. समोरच्याचे बोलणे पुरते संपू द्यावे आणि उत्तर देण्यापूर्वी त्याला एक खरा प्रश्न विचारावा.

दीर्घकाळ वाट पाहणे याहून अवघड असते. संततीचे वचन देवाकडून मिळालेल्या अब्राहामाने हारान हे गाव सोडले तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा; मधल्या काळात घाई करून दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचा मार्ग धरल्यामुळे घरात कलह शिरला. याउलट, ज्याला मदत केली तो राजाचा प्यालेबरदार (राजाला पेय देणारा सेवक) विसरून गेला असतानाही योसेफ तुरुंगातले आपले काम चोख करीत राहिला. ज्याला नोकरीची, बरे होण्याची किंवा दुरावलेल्या मुलाच्या परतण्याची वाट पाहायची आहे, त्याने आज हाती असलेले काम नीट करावे, आणि मन दाटून आले तर तेराव्या स्तोत्राच्या शब्दांत देवाला ‘कोठवर?’ असे मोकळेपणाने विचारावे. मुलेबाळे, संपत्ती व आरोग्य गमावलेल्या इयोबाने कितीतरी तक्रार केली, तरी याकोब त्याच्याच धीराचा दाखला देतो.

मात्र मारहाण, छळ किंवा पिळवणूक मुकाट्याने सोसत राहण्याला सहनशीलता म्हणू नये, आणि दुसऱ्याला तसे सोसण्याचा उपदेश तर मुळीच करू नये. फिलिप्पै या शहरात चौकशीविना फटके मारून पौलाला तुरुंगात टाकण्यात आले होते. अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून देण्याचे ठरवले, तेव्हा आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून त्याने त्यांना स्वतः येऊन बाहेर नेण्यास भाग पाडले. ज्याच्या घरात अशी हिंसा घडत असेल, त्याने आधी सुरक्षित जागी जावे, विश्वासातल्या माणसाला व पोलिसांना सांगावे. क्षमेचा आणि समेटाचा विचार त्यानंतर, त्या सुरक्षित जागी राहून करता येतो.